आयबीएस आणि सकाळचा नाश्ता: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाड्यात आहारसल्ल्याचं काम करताना आयबीएसची, म्हणजे संवेदनशील आतड्यांची, जी माणसं भेटतात त्यांची निम्मी चिंता सकाळची असते. दुपारचा वरण-भात कसाबसा जमतो. पण उठल्यापासून ऑफिस गाठेपर्यंतचे दोन-तीन तास त्यांना भीतीचे वाटतात, म्हणून बरेच जण सरळ उपाशी घराबाहेर पडतात. हे मला मनापासून बदलायचं आहे. आपला मराठी नाश्ता सोडायची गरज नसते. फोडणी, प्रमाण आणि घड्याळ या तीन गोष्टी बदलल्या तर बहुतेकांना तो परत खाता येतो. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न खाली घेतले आहेत.

मला आयबीएसच आहे हे कसं ओळखायचं? आमच्या डॉक्टरांनी आधी ‘जुनी आव’ म्हटलं होतं.

शौचात चिकट पडलं की घरोघरी ‘आव’ म्हणतात आणि वर्षानुवर्षं त्याच गोळ्या घेत राहतात. चिकट आयबीएसमध्येही पडू शकतं. निदानासाठी डॉक्टर जे निकष वापरतात (रोम ४, २०१६ सालचे) ते साधारण असे: गेले 3 महिने आठवड्यातून निदान एक दिवस पोटात दुखतं, आणि त्या दुखण्याबरोबर यांतल्या किमान दोन गोष्टी असतात: दुखण्याचा शौचाशी संबंध, शौचाला जाण्याच्या संख्येत बदल, शौचाच्या स्वरूपात बदल. त्रासाची सुरुवात किमान 6 महिन्यांपूर्वीची हवी.

पुढचं काही असेल तर नाश्त्याचा विचार बाजूला ठेवा आणि पोटविकारतज्ज्ञांकडे जा: शौचातून रक्त, कारण नसताना घटणारं वजन, झोपेतून उठवणारे जुलाब, वारंवार ताप, कमी झालेलं हिमोग्लोबिन, घरात कोणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग, किंवा पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास. ही लक्षणं आयबीएसच्या नावाखाली दडपू नयेत.

त्रास सकाळीच का होतो?

रात्रभर शांत असलेलं मोठं आतडं जाग आल्यावर हालचाल सुरू करतं. त्यात पोटात अन्न पडलं की ते आणखी जोरात आकुंचन पावतं. ही शरीराची नेहमीची प्रतिक्रिया आहे, सगळ्यांना होते. आयबीएसमध्ये आतड्यांच्या नसा जास्त संवेदनशील असल्यामुळे तीच हालचाल कळ म्हणून जाणवते. तेलकट खाणं, कडक चहा-कॉफी आणि घाई यांनी ती वाढते. अन्न खराब होतं म्हणून जुलाब झाले, असं दर वेळी नसतं. खाल्ल्यावर दहा मिनिटांत जे बाहेर पडतं ते आत्ता खाल्लेलं नसतंच, ते कालचं असतं.

फॉडमॅप म्हणजे नेमकं काय?

लहान आतड्यात नीट शोषले न जाणारे कर्बोदकांचे काही छोटे प्रकार, त्यांत काही साखराही. ते पुढे मोठ्या आतड्यात जातात, पाणी ओढून घेतात, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि गॅस होतो. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी 2005 च्या सुमारास या सगळ्यांना एकत्र हे नाव दिलं. आपल्या स्वयंपाकघरात ते कुठे आहेत? कांदा, लसूण आणि गहू यांत फ्रुक्टन. हरभरा, राजमा, वाटाणा यांत गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड. दुधात लॅक्टोज. आंबा, सफरचंद, कलिंगड, मध यांत जास्तीचं फ्रुक्टोज. ‘शुगर-फ्री’ च्युइंगममध्ये सॉर्बिटॉल.

यातलं काहीही विषारी नाही, आणि आतड्याला इजाही करत नाही. त्रास ठरतो तो एकूण साठ्यावर. ठाणे स्टेशनच्या पुलावर एका गाडीची गर्दी सहज उतरते, तीन गाड्या एकदम आल्या की पाऊल टाकायला जागा उरत नाही. नाश्त्यातही पोह्यातला कांदा, त्यावर मोठा कप दुधाचा चहा आणि वर सफरचंद, असं एकत्र आलं की पोट तक्रार करतं. एकेकटं कदाचित चाललंही असतं.

म्हणजे कांदेपोहे बंद?

पोहे अजिबात बंद नाहीत. तांदळाचे पोहे हा आयबीएसवाल्यांसाठी उत्तम नाश्ता आहे. अडचण कांद्याची आहे, आणि नुसता वेचून बाजूला काढला तरी फ्रुक्टन पाण्यात विरघळत असल्यामुळे त्यातलं बरंच पोह्यात उतरलेलं असतं.

तेलात मात्र फ्रुक्टन विरघळत नाही, आणि हेच आपल्या कामाचं आहे. दोन चमचे तेलात लसणाच्या चार पाकळ्या ठेचून घाला, मंद आचेवर सोनेरी होऊ द्या आणि झाऱ्याने एकूण एक तुकडा काढून टाका. वास तेलात राहतो, त्रास पाकळ्यांबरोबर निघून जातो. त्याच तेलात मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, हळद. हे तेल दर वेळी ताजं करा, बाटलीत भरून ठेवू नका. लसूण मुरवलेलं तेल साठवून ठेवलं तर त्यात घातक जंतू वाढू शकतात.

कांद्याच्या जागी पातळ काचऱ्या केलेला बटाटा घाला. बटाटेपोहे आपल्याकडे आहेतच, कोणाला पथ्य वाटणार नाही. कांद्याची चव हवीच असेल तर पातीच्या कांद्याचा फक्त हिरवा भाग शेवटी घाला, पांढरा कंद नको. हिरवी मिरची कापून न घालता अख्खी, चीर देऊन फोडणीत टाका आणि नंतर काढा, कारण तिखटातलं कॅप्साइसिन संवेदनशील आतड्याला थेट टोचतं. शेंगदाणे मूठभर नको, चमचाभर चालतील. वरून लिंबू, कोथिंबीर, थोडं ओलं खोबरं.

दडपे पोह्यांत कच्चा कांदा मुख्य असतो, म्हणून ते सुरुवातीला टाळावेत.

मग उपमा, पोळी, ब्रेड? गहू सोडू का?

थांबा. गहू सोडण्याआधी सिलिॲक आजाराची (यात गव्हातल्या ग्लूटेनमुळे लहान आतड्याला इजा होते) रक्ततपासणी करून घ्या. ती तपासणी तुम्ही गहू खात असतानाच खरी येते. आधीच गहू बंद करून गेलात तर रिपोर्ट खोटा ‘नॉर्मल’ दाखवू शकतो आणि मग परत कित्येक आठवडे गहू खाऊन तपासावं लागतं. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी अनेकजण शेजाऱ्यांच्या सल्ल्याने पोळी बंद करून आलेले असतात, आणि मला त्यांना परत पाठवावं लागतं. याची मला खरोखर हळहळ वाटते.

सिलिॲक नसेल तर एखादी पोळी बहुतेकांना चालते. बशीभर रव्याचा उपमा आणि त्यात कांदा, हे मात्र जड जातं. इडली रव्याचा, म्हणजे तांदळाच्या रव्याचा, उपमा करून बघा. सिलिॲक निघालाच तर आणखी एक सांगते: डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, वेष्टन वाचूनच घ्या.

घरच्या नाश्त्यात सगळ्यात निर्धोक काय?

माझं पहिलं मत घावनाला. तांदळाचं पीठ, मीठ, पाणी. पीठ ताकाइतकं पातळ हवं, बिड्याचा तवा चांगला तापलेला हवा आणि पीठ कडेकडून आत ओतायचं, म्हणजे जाळी पडते. तव्याला तेल लावायला अर्धा कांदा फिरवायची सवय अनेक घरांत आहे. त्याऐवजी वांग्याचं देठ किंवा अर्धा बटाटा वापरा. सोबत ओल्या नारळाची चटणी, आलं, कोथिंबीर, मीठ, चिमूटभर साखर. डाळं आणि लसूण नको.

त्यानंतर आंबोळी, इडली, ज्वारीची किंवा तांदळाची भाकरी तुपाबरोबर, मऊ भात, नाचणीचं सत्त्व पाण्यात शिजवून. अंडं चालतं, त्यात फॉडमॅप नसतात. ऑम्लेट कांद्याशिवाय, टोमॅटो-कोथिंबिरीचं करा. थालीपीठ मात्र जपून, कारण भाजणीत हरभरा, उडीद, गहू सगळं येतं आणि वर कांदा.

सकाळचा चहा सोडवत नाही.

सोडू नका, आकडा बघा. 250 मिली दुधात साधारण 12 ग्रॅम लॅक्टोज असतं. कटिंगमध्ये दूध 30-40 मिली, म्हणजे दोन ग्रॅमच्या आतबाहेर. लॅक्टोज न पचणाऱ्यांपैकीही बहुतेकांना एवढं सहज चालतं. गोंधळ होतो तो नुसत्या दुधाच्या मोठ्या मगभर चहाने, तोही उपाशीपोटी, आणि दिवसभरात सहा वेळा. आधी दोन घास खा, मग छोटा कप घ्या. फरक पडतो का हे बघायला लॅक्टोज-फ्री दूध आठवडाभर वापरा, ते आता दुकानांत मिळतं. फरक पडला नाही तर तुमचा त्रास दुधाचा नाही, आणि उगाच दही-ताकही बंद करू नका.

चहाबरोबरचे खारी-टोस्ट-बिस्किट मैदा आणि तेल-तुपाचे असतात. इथे कपात करायला मी थोडा आग्रह धरते.

7.40 ची लोकल पकडायची असते. मध्येच कळ आली तर?

सगळ्यात मोठी भीती हीच, आणि ती खरी आहे, कारण लोकलमध्ये शौचालय नसतं. म्हणून कित्येकजण दुपारपर्यंत उपाशी राहतात आणि मग भुकेने एकदम जास्त, तेलकट खातात. संध्याकाळ वाया जाते.

यावर मार्ग वेळेचा आहे. निघण्याच्या निदान पाऊण-एक तास आधी खा. आतड्याची खाण्यानंतरची हालचाल तेवढ्यात येऊन जाते आणि शौचाला घरीच जाता येतं. त्यासाठी गजर वीस मिनिटं आधी लावावा लागेल, पण हे वीस मिनिटं मला फार मोलाची वाटतात. पहिल्या खाण्याचं प्रमाण लहान ठेवा: दोन इडल्या किंवा एक घावन, तेल कमी. उरलेलं डब्यात घेऊन ऑफिसात दहाच्या सुमारास खा.

सुरुवातीचे काही दिवस जलद गाडी सोडून धीमी पकडा. मध्ये उतरायची सोय आहे हे माहीत असलं की पोट निम्मं शांत राहतं. हे कल्पनेचे खेळ नाहीत. मेंदू आणि आतडं यांच्यात नसांचं थेट जाळं आहे आणि भीती आतड्याची हालचाल वाढवते. ट्रान्स-हार्बरने ऐरोली, तुर्भे, वाशीकडे जाणाऱ्यांनाही हाच सल्ला.

ठाण्यात राहून मिसळ खायचीच नाही का?

मामलेदारच्या मिसळीची चव ज्याला माहीत आहे त्याला ‘बंद करा’ सांगणं क्रूरपणाचं आहे हे मी जाणते. तरी पहिल्या काही आठवड्यांत नको. कांदा-लसणाचं वाटण, वाटाणा, तेलाची तर्री, बेसनाचं फरसाण आणि मैद्याचा पाव हे सगळं एकाच ताटलीत, आणि तिखट वेगळंच.

घरी करता येते. मोड आलेले मूग किंवा मटकी घ्या. भिजवलेलं पाणी फेकून दिलं आणि मोड आले की पोटफुगी करणारा भाग बराच कमी होतो. कडधान्य अगदी मऊ शिजवा आणि बशीत अर्धी वाटीच वाढा. वाटणात भाजलेलं सुकं खोबरं, आलं, धने, जिरं, टोमॅटो. फोडणी वर सांगितलेल्या लसणाच्या तेलाची. रंगासाठी काश्मिरी मिरची. पावाऐवजी पातळ पोहे खाली घाला, वर चिमूटभर शेव. मामलेदारची सर येणार नाही, पण रविवारी घरच्यांबरोबर बसून खाता येईल. त्रास आटोक्यात आल्यावर सुट्टीच्या दिवशी बाहेर जाऊन अर्धी मिसळ, कमी तर्रीची, खाऊन बघायला हरकत नाही.

वडापावचं उत्तर छोटं आहे: बेसन, लसूण, तळण आणि पाव. रोजचा नाश्ता म्हणून नाही.

कँटीन किंवा उडप्याकडे काय मागवावं?

इडली, साधा डोसा (मसाला नको, भाजीत कांदा असतो), मिळाल्यास नीर डोसा. खोबऱ्याची चटणी थोडी. सांबार वाटीभर ओतू नका, टेकवून खा. मेदूवडा तळलेला आणि डाळीचा, तो टाळा. महापे-रबाळेच्या कंपन्यांतल्या कँटीनमध्ये पोहे-उपमा कांद्याशिवाय मिळणं अवघड असतं, तिथे उकडलेली अंडी किंवा घरचा डबा बरा.

पोट साफच होत नाही. माझ्यासाठीही हेच का?

थोडं वेगळं. तुम्हाला तंतू हवे आहेत, पण विरघळणारे. गव्हाचा कोंडा खाऊन आयबीएसमध्ये पोटफुगी वाढते असं अनेकदा दिसतं. इसबगोल त्या मानाने सोसतं आणि त्याच्या उपयोगाला चांगला पुरावा आहे. अर्ध्या चमच्याने सुरू करा, पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर घ्या आणि दर चार-पाच दिवसांनी थोडं वाढवा. पाणी कमी पडलं तर उलट बद्धकोष्ठ वाढतं. थायरॉईडची किंवा दुसरी कोणती गोळी चालू असेल तर इसबगोल आणि गोळी यांत काही तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. नेमकं अंतर डॉक्टरांना विचारा.

पपई, किवी, चमचाभर भाजून कुटलेलं जवस, हे सकाळी उपयोगी. जवसाची चटणी करत असाल तर लसणाशिवाय. तुमच्या बाबतीत सकाळचा गरम चहा मित्र आहे. आणि नाश्त्यानंतर दहा मिनिटं शौचालयात शांत बसायला वेळ ठेवा, कळ दाबून ठेवायची सवय हा बद्धकोष्ठाचा मोठा भाग असतो.

फळं कोणती?

पपई, संत्रं, मोसंबी, द्राक्षं मोजकी, आणि केळं. केळ्यात एक बारकावा आहे: नुकतं पिकलेलं, घट्ट केळं सोसतं. काळे ठिपके पडून मऊ झालं की त्यात फ्रुक्टन वाढलेलं असतं. वाशीच्या एपीएमसीत हापूसच्या पेट्या यायला लागल्या की दर वर्षी हा प्रश्न येतो, तर दोन-चार फोडी जेवणाबरोबर खा, आमरसाच्या वाट्या नकोत. एका वेळी एकच फळ, मूठभर. रस नको.

ओट्स, कॉर्नफ्लेक्स, म्युस्ली?

साधे ओट्स अर्धी वाटी, पाण्यात किंवा लॅक्टोज-फ्री दुधात, चालतात. मसाला ओट्सच्या पाकिटात कांदा-लसणाची पूड असते. म्युस्लीत मध, सुकामेवा आणि गहू असतो.

उपवासाची साबुदाण्याची खिचडी?

साबुदाणा स्वतः चालतो. तेल-तूप आणि दाण्याचं कूट निम्मं करा. वरीचा भात आणखी हलका.

मला मधुमेहही आहे. तांदळाचंच खाल्लं तर साखर वाढेल ना?

वाढू शकते, म्हणून प्रमाण आणि जोडी दोन्ही महत्त्वाची. एक घावन आणि दोन अंडी, किंवा ज्वारीची भाकरी आणि थोडं पनीर. शाकाहारींना टोफूही चालतो. तुमच्यासाठी सगळ्यांना लागू पडणारा तक्ता देणं बरोबर होणार नाही, औषधाच्या वेळा पाहूनच ठरवावं लागतं.

सासूबाई म्हणतात, कांदा-लसणाशिवाय चवच येत नाही. एकटीसाठी वेगळं करायचं का?

त्यांना चातुर्मासाची आठवण करून द्या. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी साजरी करून पुढे कार्तिकीपर्यंत कांदा-लसूण न खाणारी घरं अजून आहेत, आणि नैवेद्याचा स्वयंपाक तर बहुतेकांकडे तसाच होतो. हिंग, जिरं, आलं, खोबरं, कढीपत्ता, कोकम यांवर उभा असलेला तो स्वयंपाक सासूबाईंना तुमच्यापेक्षा चांगला येतो. त्यांना ‘पथ्याचं काही’ करायला सांगू नका, ‘नैवेद्यासारखं करूया’ म्हणा. कांदा हवा असणाऱ्यांसाठी चिरून वेगळ्या वाटीत ठेवा, ज्याला हवा तो वरून घेईल. कुटुंबातल्या एका माणसाने रोज वेगळं ताट वाढून घेणं मला बघवत नाही, आणि ते फार दिवस टिकतही नाही.

हे सगळं किती दिवस?

2 ते 6 आठवडे, बस. हे वाक्य मी सगळ्यांना दोनदा सांगते, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. बरं वाटलं की माणसं तोच आहार वर्षभर चालू ठेवतात. वजन घटतं, कॅल्शियम कमी पडतं, आणि आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचं खाद्यच बंद होतं. सहा आठवड्यांत काहीच फरक पडला नाही तर हा आहार थांबवा आणि डॉक्टरांकडे परत जा.

फरक पडला तर एकेक गोष्ट परत आणायची. समजा दूध. बाकी नाश्ता तोच ठेवून पहिल्या दिवशी पाव कप, दुसऱ्या दिवशी अर्धा, तिसऱ्या दिवशी एक कप. मग दोन-तीन दिवस काही नवीन नको, पोट बघा. त्यानंतर पोळी, मग लसूण, मग शिजलेला कांदा, मग मोड आलेली मटकी. एका वेळी एकच. वहीत तारीख, काय खाल्लं, किती, कळ आली का, झोप कशी होती, एवढंच लिहा. पाळीच्या दिवसांत किंवा परीक्षा-ऑडिटच्या आठवड्यात नवीन काही तपासू नका, निकाल फसवा येतो.

बहुतेकांना शेवटी कळतं की सगळं नाही, दोन-तीनच गोष्टी बाधतात, त्याही एका मर्यादेपुढे.

पाहुणे म्हणून गेलो आणि समोर कांदेपोहेच आले तर?

अर्धी बशी घ्या आणि खा. कांदा शक्य तेवढा कडेला सारा, चहा छोटा घ्या, त्या दिवशी दुपारी मऊ वरण-भात ठेवा. दोन-चार तास पोट फुगेल, कदाचित तेही नाही. शक्य असेल तर आदल्या दिवशी फोनवर मोकळेपणाने सांगा, ‘वहिनी, माझ्यासाठी बटाटेपोहे चालतील का?’ कोणी वाईट वाटून घेत नाही.